उत्तर मिळाल्यानंतरचे रहस्य : 'रात्रीस खेळ चाले'च्या शेवटाविषयी

22 ऑक्टोबर 2016 रोजी, शनिवारी रात्री, 'रात्रीस खेळ चाले' ही झी मराठी वाहिनीवरील मालिका संपली. त्याच वर्षीच्या 22 फेब्रुवारीला ती सुरू झाली होती. म्हणजे बरोबर आठ महिने, आठवड्याचे सहा दिवस, रात्री साडेदहाच्या सुमारास सिंधुदुर्गातील आकेरीच्या एका वाड्याकडे महाराष्ट्रातील असंख्य घरे डोळे लावून बसत. त्यांपैकी एक घर खोपोलीतले, माझे. प्रस्तुत टिपण समीक्षकाचे की चाहत्याचे, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो मलाही पडला आहे आणि मी तो निकालात काढलेला नाही. कारण शेवटच्या भागाने माझी जी निराशा केली ती आधी चाहत्याची निराशा होती, आणि तिचे कारण शोधू लागल्यावरच ती समीक्षेचा विषय झाली.

चाहता ही कोटी आपल्या साहित्यविचारात नाही. आपल्याकडे सहृदय आहे, रसिक आहे, सामाजिक आहे. अलीकडच्या काळात 'अभिप्रेत वाचक' आला. या सर्वांना कलाकृती पूर्ण झालेली मिळते. चाहत्याला ती अपुरी मिळते, आणि त्या अपुरेपणात त्याला रोज राहावे लागते. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाच्या हातात निदान पुस्तक असे. उजव्या हाताखाली किती पाने उरली आहेत ते त्याच्या बोटांना कळे, आणि पाने पातळ होऊ लागली की आता धनंजय काय तो उलगडा करणार हे मनाला कळे. दैनंदिन मालिकेच्या प्रेक्षकाला हे बोटांचे ज्ञान नसते. मालिका संपणार असल्याची बातमी बाहेरून येते, वर्तमानपत्रातून येते, आणि ती कथेतील कोणत्याही घटनेपेक्षा मोठा सुगावा ठरते. आता उत्तर द्यावेच लागणार, असे त्या दिवशी सर्वांना एकदम समजते.

मालिकेची मांडणी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अण्णा नाईक हे कुटुंबप्रमुख कथेत आपल्या मृत्यूनेच प्रवेश करतात. त्यांच्या दिवसकार्यासाठी मुले-सुना वाड्यावर जमतात. माधव आणि त्याची विज्ञाननिष्ठ पत्नी नीलिमा, दत्ता आणि सरिता, धाकटा अभिराम, मुलगी छाया, आणि या सर्वांच्या मध्यभागी बोलणे गिळून वावरणारी माई. मालमत्तेचा प्रश्न उभा राहतो, अण्णांच्या बाहेरच्या संबंधांची लेक म्हणून सुषमा वाड्यात येते, आणि चमत्कारिक प्रकार घडू लागतात. हे भुताचे काम की माणसाचे, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो आणि पुढे आठ महिने मिटत नाही.

त्स्वेतान तोदोरोव्हने 1970 मध्ये गूढकथेची जी व्याख्या केली ती या मालिकेला इतकी चपखल बसते की प्रथम संशयच यावा. निसर्गनियमांनी उलगडा होईल की अतिमानुष शक्ती मान्य करावी लागेल, या दोहोंमध्ये वाचकाची जी दोलायमान अवस्था असते, ती टिकते तोवर गूढकथा. निर्णय झाला की ती शेजारच्या कुठल्या तरी प्रकारात जाऊन पडते. तोदोरोव्हच्या समोर मुख्यतः कथा-कादंबऱ्या होत्या. त्याची दोलायमानता काही तासांची, फार तर काही दिवसांची. आमची आठ महिन्यांची होती. इतका काळ एखादी अवस्था टिकली की ती केवळ कथेचे तंत्र राहत नाही, ती राहण्याची जागा होते. माझ्या पाहण्यात असे की एप्रिलपर्यंत 'कोण?' हा प्रश्न तीव्र होता. पावसाळ्यात तो बोथट झाला, आणि तरीही कोणी मालिका सोडली नाही. लोक उत्तरासाठी पाहत नव्हते. सरितेचा तोंडाळपणा, दत्ताची धुसफूस, छायेचे वैफल्य, माईचे पदराआडचे मौन यांची सवय झाली होती. रहस्य हे त्या घरात शिरण्याचे दार होते. एकदा आत बसल्यावर दाराकडे कोण पाहतो?

येथे दैनंदिन मालिका आणि रहस्यकथा या दोन प्रकारांतील मूलभूत विसंगती स्पष्ट होते. रहस्यकथा शेवटासाठी जगते. तोदोरोव्हच्याच 1966 च्या निबंधाचा आधार घ्यायचा तर तिच्यात दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी शोधाची, आणि दुसरीचे काम पहिलीला उजेडात आणून स्वतः विरून जाणे एवढेच. दैनंदिन मालिका याउलट न संपण्यासाठी जन्मते. ती घराची कथा आहे, आणि घर उलगडत नसते. 'रात्रीस खेळ चाले'ने हे दोन्ही एका वाड्यात नांदवले, हे तिचे यश आहे. शेवटच्या आठवड्यात एकाने दुसऱ्याला बाहेर काढले, ही तिची शोकांतिका.

खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यात बसून ही मालिका पाहण्याला एक वेगळे परिमाण होते, ते नोंदवले पाहिजे. हा रायगडचा आतला, समुद्र न दिसणारा भाग. येथून 1915 मध्ये टाटांच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. कारखान्यांच्या निमित्ताने घाटावरून आणि तळकोकणातून माणसे आली, त्यामुळे एकाच चाळीत मालवणी जन्मभाषा असलेले घर आणि मालवणी प्रथमच ऐकणारे घर भिंतीला भिंत लावून असते. दुसरे म्हणजे, आमच्याकडे भ्रम तयार होतात. चौकजवळ 2005 मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा राहिला. 'राजा शिवछत्रपती' या 2008 च्या मालिकेतला काळ तिथे उभारला गेला. येथील कितीतरी सुतार, रंगारी, घोळक्यात उभी राहणारी पोरे त्या कामावर गेली आहेत. पडद्यावरच्या चिरेबंदी भिंतीवर टकटक केली की प्लायवूड बोलते, हे आमच्या भागात शाळकरी मुलालाही माहीत असते. आणि ज्याने दिवसभर खोटा दगड रंगवला तोच माणूस रात्री साडेदहाला आकेरीचा वाडा पाहताना पाय वर घेऊन बसे. त्याला विचारले तर तो सांगे, तो वाडा खरा आहे, सेट नाही. मला हे उत्तर सौंदर्यशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचे वाटते. भुतावर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता, घरावर मात्र तयार होता. भीती भुताची नव्हती. एखाद्या खऱ्या घरात खरेच काय काय घडून गेले असेल, याची होती.

आता शेवटाकडे. गुन्हेगाराचे नाव मी येथे लिहीत नाही. रहस्यकथेविषयी लिहिणाऱ्याने पाळायचा हा जुना शिष्टाचार आहे, आणि ज्यांनी ती मालिका अद्याप पाहिली नाही त्यांचा तो हक्क आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे माझ्या प्रतिपादनाला त्या नावाची गरजच लागत नाही, आणि तीच त्या शेवटाविषयी माझी मुख्य तक्रार. त्या जागी वाड्यातले दुसरे नाव घातले असते तरी शेवटच्या भागाची रचना, त्यातील कबुली, स्पष्टीकरणे आणि इतरांचे थिजलेले चेहरे, फारसे बदलावे लागले नसते. एडमंड विल्सनने 1945 मध्ये अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या रॉजर अ‍ॅक्रॉइडचा खून कोणी केला याची पर्वा कोणाला, असा उपरोधिक प्रश्न आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला होता. मी त्याच्या बाजूचा नाही. 1926 च्या त्या कादंबरीत तरी 'कोणी' याच्या उत्तराने आधीचे प्रत्येक वाक्य नव्याने वाचावे लागते. उत्तर मागे जाऊन सगळे पान उजळते. आपल्या मालिकेच्या उत्तराने मागे जाऊन काहीच उजळले नाही. भीतीच्या प्रसंगांमागे माणसाचा हात होता, एवढे कळले. प्रसंग मात्र होते तिथेच, आपल्या अंधारात राहिले.

शेवटच्या भागाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी अंगणात भेटल्या. त्या मूळच्या कुडाळकडच्या. आठ महिने त्या आम्हा सर्वांच्या भाष्यकार होत्या. मालवणी शब्द अडला की त्यांच्याकडे पाहायचे. मी विचारले, कसा वाटला शेवट? त्या म्हणाल्या, "कोणी केल्यान ता कळला. पण अण्णांनी काय काय केल्यानी, ता खंय दाखवल्यानी?"

गेली काही वर्षे मी या वाक्यापाशी पुनःपुन्हा येतो आहे. रोलाँ बार्थ ज्याला गूढाची संकेतव्यवस्था म्हणतो, त्यात पहिली पायरी ही की प्रश्न मांडला जातो, त्याचे नाव ठरते. मालिकेने प्रश्नाचे नाव 'कोण करतेय?' असे ठरवले. मावशींच्या मते प्रश्नाचे खरे नाव 'या घरात काय केले गेले?' हे होते. पहिल्याचे उत्तर एक व्यक्ती असते. तिला पोलीस विश्वासरावांच्या स्वाधीन केले की प्रश्न मिटतो. दुसऱ्याचे उत्तर एक व्यवस्था असते. त्यात अण्णांची जमीन येते, अण्णांच्या बायका येतात, त्यांचे ऐकून घेणारा गाव येतो, आणि सर्व जाणून वाफाळता भात वाढणारी माई येते. मेलेला अण्णा हेच त्या वाड्याचे रहस्य होते. शेवटाने ते जिवंतांपैकी एकाच्या माथी मारून अण्णांना, एका अर्थी, सन्मानाने सोडून दिले. कुटुंबाने आपल्या कर्त्या पुरुषाविषयीचे सत्य झाकण्यासाठी एखाद्या माणसाला वेडे किंवा वाईट ठरवावे, ही आपल्या समाजाची परिचित रीत आहे. मालिकेने ती दाखवायला हवी होती; तिने ती पाळली.

हे अजाणता झाले असे मला वाटत नाही, किंवा निदान संहितेला त्याची चाहूल होती असे मानायला जागा आहे. वाड्यातला गडी पांडू आठवावा. काहीही विचारले की तो "इसरलंय" म्हणे, आणि तो शब्द त्या वर्षी महाराष्ट्रभर लोकांच्या तोंडी झाला. पांडू सर्व पाहतो आणि काहीच सांगू शकत नाही. ही भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे लेखकही होते. लेखकाने स्वतःच्या कथेत शिरावे आणि विसरणाऱ्याची जागा घ्यावी, यापरता मार्मिक कथनात्मक संकेत मराठी दूरचित्रवाणीवर मी तरी पाहिलेला नाही. दैनंदिन मालिकेच्या लेखकाचे दुःख त्यात आहे: काल रचलेला धागा उद्याच्या चित्रीकरणात विसरावा लागतो. शिवाय सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाड्यावरच्या गड्याचे शहाणपणही त्यात आहे. मालकाविषयी जो विसरत नाही त्याची त्या वाड्यावर धडगत नसते. अनेक सुटे धागे तसेच राहिले असे चाहते म्हणत, तेव्हा मला पांडूचा तो शब्द आठवे आणि राग थोडा कमी होई. थोडाच.

भारतीय नाट्यविचारात शेवटासाठी निर्वहण संधी आहे. विखुरलेली बीजे तिथे एका प्रयोजनाकडे आणली जातात, हे सर्वज्ञात आहे. तितके सर्वज्ञात नसलेले भरताचे दुसरे सांगणे असे, की निर्वहणात जाणकारांनी नेहमी अद्भुत रस आणावा. त्याच संदर्भात काव्यबंध गोपुच्छाच्या अग्रासारखा असावा आणि उदात्त भाव अखेरीस ठेवावेत, असेही तो म्हणतो. गायीच्या शेपटाचे टोक म्हणजे नेमके काय याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. त्यांत शिरण्याचे कारण नाही. मला महत्त्वाचे वाटते ते अद्भुताचे. अद्भुताचा स्थायिभाव विस्मय, आणि विस्मय म्हणजे अज्ञान नव्हे. सर्व कळल्यावरही जो उरतो तो विस्मय. भयानकातून निघालेल्या कथेने अद्भुतापाशी पोचावे, म्हणजे भीती ओसरल्यावर 'असेही असते!' असा उद्गार निघावा, ही अपेक्षा रहस्यमालिकेकडून करणे अवाजवी नाही. आपल्या शेवटाने भीती ओसरवली आणि तिच्या जागी माहिती ठेवली.

या मतावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. मालिका सुरू होताच ती अंधश्रद्धा पसरवते म्हणून तिच्याविरुद्ध आवाज उठले होते, कोकणातूनही उठले होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याला तीन वर्षेही झाली नव्हती. अशा काळात भुताचा उलगडा माणसात करणे हे मालिकेचे नैतिक कर्तव्यच नव्हते काय? होते, असे माझे उत्तर आहे. अतिमानुष शेवट मला नको होता. पण विवेकवादी शेवट म्हणजे केवळ 'भूत नव्हते, अमुक होता' असा शेवट नव्हे. भूत लोकांना का हवे असते, कोणाच्या सोयीचे असते, हे सांगणे हा विवेक. दाभोलकरांच्याच खटल्यात 10 मे 2024 रोजी न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघे निर्दोष सुटले. झाडणारे हात कळले, त्यांना चालवणारे डोके कळले नाही. 'कोणी केले' याचे उत्तर मिळूनही प्रश्न न मिटण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. तो काल्पनिक वाड्याविषयीही यावा, यात कथेचे सामर्थ्य होते. शेवटाने ते वापरले नाही.

तथापि कथा तेथे संपली नाही, आणि येथे माझ्या निराशेला अनपेक्षित दुजोरा मिळाला. 14 जानेवारी 2019 रोजी मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले, ते मागे गेले. अण्णा जिवंत झाले. माधव अभ्यंकरांनी तो गावावर दहशत बसवणारा, जमिनीचा आणि बाईचा लोभ न आवरणारा पुरुष उभा केला. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोचली. शकुंतला नरे यांच्या माईच्या मौनाला आता इतिहास मिळाला. पुढे टाळेबंदीचा खंड पडून ते पर्व ऑगस्ट 2020 मध्ये संपले. यात गुन्हेगार कोण हे पहिल्यापासून उघड होते. रहस्य नव्हतेच, आणि तरीही लोकांनी ते अधिक आवडीने पाहिले. व्यापारी हिशेबाने पाहता वाहिनीने यशस्वी वस्तूची दुसरी आवृत्ती काढली. कथनाच्या हिशेबाने पाहता पहिल्या पर्वाने चुकीच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते, याची ती कबुली होती. मावशींनी अंगणात विचारलेल्या प्रश्नाला दोनशेहून अधिक भागांचे उत्तर मिळत होते. म्हणून माझ्या मते 2016 च्या मालिकेचा खरा शेवट 2016 मध्ये नाही. तो तिच्या आधीच्या काळात घडतो आणि नंतरच्या काळात दाखवला जातो.

अमेरिकेत 'ट्विन पीक्स'चे असेच झाले होते. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांना लॉरा पामरच्या खुन्याचे नाव सांगायचेच नव्हते. वाहिनीच्या दबावाखाली नोव्हेंबर 1990 मध्ये ते सांगावे लागले, 1991 मध्ये मालिका बंद झाली, आणि 2017 मध्ये ती परत आली तेव्हा तिने त्या उत्तराला पुन्हा प्रश्न करून टाकले. फरक एवढा, की लिंचने उत्तर द्यायला विरोध केला आणि मग उत्तर मोडले. आपल्याकडे उत्तर आनंदाने दिले गेले, आणि ते कोणी मोडले नाही; त्याच्या बाजूने वाट काढली.

ही वाट पुढे कुठे गेली हे मात्र सांगितले पाहिजे. 22 मार्च 2021 रोजी तिसरे पर्व आले आणि त्यात अण्णा व शेवंता सरळ भुते म्हणून वावरू लागले. 2016 च्या शेवटाने जे माणसाचे ठरवले होते ते आता निःसंकोच भुताचे झाले. दोलायमानता दोन्ही बाजूंनी संपली. चाहता म्हणून मी तेही पाहिले, 2022 पर्यंत, बरेचसे सवयीने. दुसऱ्या पर्वाने अण्णांना माणूस केले होते, म्हणजे जबाबदार केले होते. भूत झालेला अण्णा पुन्हा निसटला. भुतावर खटला चालत नाही.

मावशी तिसरे पर्व पाहत नव्हत्या. मी कारण विचारले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. अण्णा आता मेल्यावरच दिसतो, जिवंतपणी केलेल्याचे काय, असे काहीसे त्या म्हणाल्या, आणि सुपातला एक खडा बाजूला काढून ठेवला.